आधी मशीन, मग थेंब

लिही. पण मी बोलते तसंच लिही हं, मध्येच शहाणपणा करून नीटनेटकं करत बसू नकोस.

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल सांगायचंय. तुझी बारकी आजी. तू तिला पाहिलंस ते खिडकीपाशी गप्प बसलेली. तुला वाटत असेल, ही बाई जन्मापासून अशीच मुखदुर्बळ. अरे, ती बोलायला लागली की नळ उघडा राहिल्यासारखं व्हायचं. आमची आई म्हणायची, हिच्या तोंडाला बसेल असं बूच कुठं मिळतं का बघा.

घरात ती बारकी, पण डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सगळे थेंबमावशी म्हणायचे. तिथं ती लागली होती फरशी पुसायला. नवरा ट्रकवर होता, एक दिवस गाडी घेऊन गेला तो गेलाच. मेला असता तर रडून मोकळी झाली असती, पण त्यानं दुसऱ्या गावात दुसरा संसार मांडला. हिच्या कडेवर लेक. मग काय करणार, हातात फडकं घेतलं. तिथल्या मोठ्या नर्सबाईंनी एकदा बघितलं, एक म्हातारी थेंबाला घाबरून खुर्चीतून उठून चालली होती आणि फरशी पुसता पुसता हिनं तिला गप्पांत घेऊन परत बसवली. नर्सबाई म्हणाल्या, तुझा हात दाखव. हात बघितला, हलका होता, थरथरत नव्हता. ठेव म्हणाल्या फडकं.

तेव्हापासून तिचं ते टेबल. लांबलचक व्हरांडा होता, एका भिंतीला खुर्च्यांची रांग, आणि समोर हिचं चाकाचं टेबल. टेबलावर स्टीलचा ट्रे, कापसाचे बोळे आणि लाल झाकणाच्या बारक्या बाटल्या. ते लाल झाकणाचे थेंब म्हणजे बाहुली मोठी करायचे. डोळ्याच्या मधोमध काळा ठिपका असतो ना, ती बाहुली. ती उजेडात बारीक होते, अंधारात मोठी होते. डॉक्टरला डोळ्याच्या मागचा पडदा बघायचा तर दार सताड उघडं पाहिजे, म्हणून ते थेंब. टाकले की आधी चुरचुरतं. मग थोड्या वेळानं परत टाकायचे, मग परत. तोवर माणसानं डोळे मिटून बसायचं. सगळी रांगच्या रांग डोळे मिटून बसलेली, आणि मधून ही बाटली घेऊन फिरतेय, तोंडाचा पट्टा चालू.

मी कितीदा जाऊन बसायचे तिथं, नुसती ऐकायला. एक आजोबा होते, थेंब टाकले तरी पेपर उघडून बसायचे. म्हणायचे, "मावशी, अक्षरं पळायला लागली गं."

"पळू द्या आजोबा. संध्याकाळी दमून येतील परत."

एक बाई होती, बाटली दिसली की डोळे गच्च मिटायची. ही म्हणाली, "असं करू, मी पण मिटते. दोघी मिटून टाकू. पडेल तिथं पडेल, नाकात गेलं तर शिंकू." बाई हसायला लागली, हसताना डोळा उघडला, की टपकन थेंब आत. कळलंसुद्धा नाही तिला. बाटलीचं टोक कधी पापणीला लागायचं नाही हिचं. खालची पापणी बोटानं जराशी ओढायची, तिथं खिसा होतो म्हणायची, त्या खिशात थेंब सोडायचा. काळ्यावर नाही टाकायचा, ते झोंबतं. डॉक्टर लोकसुद्धा आपल्या आईवडिलांना घेऊन आले की म्हणायचे, थेंबमावशीकडूनच टाका.

फार गर्व होता तिला त्या हाताचा. असावाच की. दुसरं काय होतं तिच्याकडे?

हां, एक होतं. गोटी होती.

गोटी म्हणजे तिची लेक, तुझी गोटी मावशी. जन्मली तेव्हा इतकी गुटगुटीत की तेच नाव पडलं. शाळेत गेली आणि लक्षात आलं, पोरीला फळ्यावरचं दिसत नाही. हिनंच दवाखान्यात नेलं, तपासलं, तर एवढ्याशा पोरीला हा जाड चष्मा. पोरं ढापणी म्हणून चिडवायची. एकानं चष्मा ओढला, तर गोटीनं त्याचं दप्तर गटारात टाकलं. शाळेतनं बोलावणं आलं. बारकी गेली आणि मास्तरांना म्हणाली, "दप्तर मी धुऊन देते, पण चष्मा फुटला असता तर डोळा तुम्ही दिला असता का?"

आम्ही राहायचो त्या इमारतीखाली गाद्यांचं दुकान होतं. एकदा त्याला आग लागली. कापूस तो, धूरच धूर. बंब आले. त्या बंबवाल्यांत एक बाई होती. शिडीवरनं वर गेली आणि आमच्या वर राहणाऱ्या शिंप्याच्या म्हाताऱ्या आईला खांद्यावर टाकून खाली घेऊन आली. पोत्यासारखी. आम्ही सगळे रस्त्यावर उभे, कुणी रडतंय, कुणी माणसं मोजतंय. आणि गोटी माझा हात ओढून विचारतेय, "मावशी, ती बाई चष्मा लावते का?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? तोंडावर मुखवटा आहे तिच्या."

"मग नसणार," म्हणाली. "मुखवट्यात चष्मा बसत नाही."

एवढीशी होती रे. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. मला बंबावर जायचंय. पाण्याचे कॅन घेऊन जिने चढायची. पहाटे पळायला जायची, चष्म्याला मागून इलॅस्टिक बांधून. मोठी झाली, भरतीला उभी राहिली. पळण्यात पास, दोरावर पास, शिडीवर पास. अख्खा पुरुष खांद्यावर घेऊन पळायचं असतं, त्यातही पास. शेवटी डोळे. चष्मा काढून समोरचा तक्ता वाचा म्हणाले. तिला तक्ताच दिसेना, वाचणार काय! परत आली. दुसऱ्यांदा गेली, परत तेच. तिसऱ्या वेळी तिथल्या साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, तुझ्यासारखी अजून कुणी नाही या रांगेत. लेझर करून घे. पण लेझर झाल्यावर ठरलेले महिने जाऊ द्यावे लागतात, मगच आम्ही डोळे तपासतो. आणि पुढची भरती ही तुझी शेवटची, नंतर वयात बसणार नाहीस."

म्हणजे सगळं त्या एका तारखेवर आलं. तारखेच्या आत लेझर झालं तर बंब, नाही तर नाही.

बारकीच्या दवाखान्यात लेझरच्या डॉक्टरीणबाई ठरावीक दिवसांनीच यायच्या. बाहेरगावच्या होत्या. आल्या की पहिल्या दिवशी सगळ्यांची मापं, दुसऱ्या दिवशी लेझर, तिसऱ्या दिवशी त्या गेलेल्या. त्यांची पुढची फेरी गोटीच्या तारखेच्या जेमतेम आत बसत होती. त्यानंतरची तारखेच्या पार पलीकडे. दुसरीकडे चौकशी केली, तिथं सगळं पहिल्यापासून, आणि वेळ मिळायला त्याहून उशीर. तेव्हा हीच फेरी.

गोटीनं काय काय केलं सांगू त्यासाठी? ती खेळायला, बाहेर जायला डोळ्यात भिंगं घालायची, लेन्स. सांगितलं होतं की मापाच्या आधी कित्येक दिवस ती बंद ठेवायची, कारण भिंगाखाली बुबुळ, म्हणजे डोळ्याचा वरचा काचेसारखा भाग, दबतं आणि माप खोटं येतं. हिनं तर सांगितल्याच्याही आधीपासून बंद केली. मैत्रिणीच्या लग्नात तो जाड चष्मा लावून गेली. मैत्रीण म्हणाली, फोटोपुरता काढ गं. म्हणाली, "काढते, पण मग तुझ्या नवऱ्याऐवजी दुसऱ्याच कुणाला तरी हार घालीन." कसं बोलायची ती पण! आईचीच लेक.

तो दिवस आला. थेंबांनंतर जवळचं दिसत नाही, उजेड सहन होत नाही, म्हणून तिला घरी आणायला मी बरोबर गेले होते. म्हणून मला सगळं माहीत आहे. मी तिथंच होते, तिच्या शेजारच्या खुर्चीवर.

बारकी त्या दिवशी काय खुशीत होती! केस चापूनचोपून, पांढरा कोट इस्त्री केलेला. येईल त्याला सांगत होती, "ही माझी. बंबावर जाणार आहे. तुमच्या घराला आग लागली तर घाबरू नका, माझं नाव सांगा, तुम्हाला आधी बाहेर काढेल." गोटी लाजून "आई, पुरे गं" म्हणत होती.

व्हरांडा माणसांनी गच्च भरलेला. मापाची खोली शेवटच्या टोकाला. तिथं एक मशीनवाला असायचा, किडकिडीत, बारा महिने स्वेटर घातलेला, कारण त्याची खोली मशीनसाठी गार ठेवायचे. त्या दिवशी खोलीचं दार बंद. आत तो मशीन नीट दाखवतंय का ते तपासत होता. वेळ लागणार होता.

आता हे नीट ऐक. बारकीच्या टेबलावर रोजचा रिवाज काय, तर माणूस खुर्चीत बसलं की आधी थेंब. मोतीबिंदू असो, पडदा तपासायचा असो, आधी थेंब, मग पुढचं. तिचा हातच तसा बसला होता. लेझरची पोरंही तिच्याकडे यायची, त्यांनाही ती लाल झाकणाचेच थेंब टाकायची. फरक एवढाच की ती पोरं तिच्याकडे यायची ती मशीनच्या खोलीतून बाहेर पडल्यावर. तिला वाटायचं, तिकडे गर्दी असते म्हणून आधी तिकडे पाठवत असतील. मशीन आधी का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नाही. तिच्यापर्यंत माणूस पोचलं की तिचं काम सुरू, आधीचं तिला कशाला लागतंय?

ती बाटली घेऊन आली. म्हणाली, "डोकं मागं कर."

गोटी म्हणाली, "आई, आधी मशीन असतं ना?"

"मशीन उघडेल तेव्हा उघडेल. तोवर तुझ्या बाहुल्या तयार होतील. दार उघडलं की पहिली तू. नाही तर या गर्दीत दुपार होईल तुला."

"पण मला सांगितलं होतं की आधी..."

"तू मला शिकवतेस का आता? किती डोळे गेले या हाताखालून, मोजलेस का? वर बघ."

गोटीनं माझ्याकडे बघितलं. मला काय कळतंय त्यातलं, मी हसले. मग तिनं डोकं मागं केलं आणि वर बघितलं. आईच होती ना समोर.

टपकन एक. टपकन दुसरा. मग परत. मग परत. गोटी डोळे मिटून बसली. बारकी मधेच येऊन तिच्या गालावरनं ओघळलेलं कापसानं टिपून जायची. एकदा जाता जाता पोरीच्या केसांवरनं हात फिरवला. दवाखान्यात असं ती कधी करायची नाही.

दार उघडलं. मशीनवाल्यानं पहिलं नाव गोटीचंच घेतलं. बारकी हात धरून आत घेऊन गेली, मागनं मी. गोटीनं त्या पट्टीवर हनुवटी ठेवली, कपाळ टेकवलं. तो मशीनमधनं बघायला वाकला. आणि तसाच राहिला. मग सरळ झाला, छोटी बॅटरी घेऊन तिच्या डोळ्यांत मारली.

मग विचारलं, "थेंब कुणी टाकले?"

"मी," बारकी म्हणाली. "लाल झाकणाचे. मस्त उघडल्यात बघ बाहुल्या."

अजून खुशीतच होती रे ती. अजून काही कळलंच नव्हतं तिला.

तो हळूच म्हणाला, "मावशी, लेझरला आधी मशीन असतं हो. मग थेंब."

"बरं मग, आता कर की मशीन. पळून गेलंय का कुठं?"

त्यानं मान खाली घातली आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेला.

त्या बाई चांगल्या होत्या, मी त्यांना नावं ठेवणार नाही. ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून गोटीसमोर बसल्या आणि सगळं समजावून सांगितलं. मला जेवढं कळलं तेवढं सांगते. लेझर म्हणजे बुबुळ वरनं घासायचं, केसाहून बारीक. कुठं किती घासायचं, ते मापावर. आणि ते माप घ्यायचं डोळा आपल्या आपण कसा असतो त्यावर. नाडीची पिशवी असते ना? तोंड आवळलेलं असलं की भोक मधोमध असतं. तेच तोंड सैल सोडलं की भोक मोठं होतं, आणि जरासं एका बाजूला सरकतं. तसंच बाहुलीचं. थेंबानं उघडली की तिचा मध्य हलतो. मशीन तो मध्य धरून नकाशा काढतं. मध्य हलला की नकाशा हलला, नकाशा हलला की लेझर भलत्या ठिकाणी. आणि बुबुळाच्या कडेकडेचं वेडंवाकडं, जे एरवी बाहुलीच्या बाहेर राहतं, तेही त्या मोठ्या भोकातून मापात येतं.

दुसरी गोष्ट नंबराची. डोळ्यात एक स्नायू असतो, जवळचं बघताना तो आवळतो. तरुण पोरांचा तो भारी हट्टी, सैल सोड म्हटलं तरी सोडत नाही, मग नंबर आहे त्याहून जास्त दिसतो. थेंबानं तो ढिला पडतो, म्हणून थेंबानंतर परत एकदा नंबर काढतात. आधीचा आणि नंतरचा शेजारी शेजारी ठेवून बघायचे, मग खरा किती ते ठरवायचं. "आधीचा माझ्याकडे नाहीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकावर मी कशी ठरवू?"

बारकीचा चेहरा तेव्हा उतरायला लागला. म्हणाली, "चष्म्याच्या दुकानातला नंबर आहे की. तोच आहे कधीपासून."

"त्यावर लेझर नाही करत, मावशी."

"मग हिरव्या झाकणाचे थेंब टाकते. बाहुली बारीक करायचे. आहेत आपल्याकडे. आत्ता टाकते."

"त्यानं बारीक होईल, पण औषधानं आवळलेली. हिची स्वतःची नाही होणार. परत माप खोटंच."

"मग थांबतो आम्ही. संध्याकाळपर्यंत थांबतो. रात्रभर इथंच बसते मी पोरीला घेऊन."

"हे थेंब कडक आहेत. उद्या उतरायला लागतील, पण पूर्ण उतरल्याची खात्री मला परवाशिवाय देता येणार नाही. आणि परवा मी इथं नाही. उद्या दिवसभर लेझर, रात्री मी निघतेय."

बारकीनं त्यांचे पाय धरले. खरंच खाली बसली आणि धरले. "अंदाजानं करा बाई. तुमचा हात चांगला आहे."

त्यांनी तिला उठवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "मावशी, बुबुळ एकदा घासलं की परत भरता येत नाही. चुकलं तर तुमची पोरगी चष्म्यानंही नीट बघू शकणार नाही. माझी मुलगी असती तरी मी नसतं केलं. पुढच्या फेरीला पहिलं नाव हिचं, मी स्वतः लिहून ठेवते."

गोटीनं एवढंच विचारलं, "पुढची फेरी कधी?"

त्यांनी सांगितलं.

गोटीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. मग "बरं" म्हणाली. "थँक्यू डॉक्टर." आणि उठली.

बस. एवढंच. मला वाटलं रडेल, आदळआपट करेल. लहानपणी दप्तर गटारात टाकणारी पोरगी ती. पण नाही.

बाहेर लखलखीत ऊन होतं. दवाखान्यातून काळा कागदी चष्मा देतात, तो लावून ती माझ्या दंडाला धरून चालत होती. बारकी आमच्या मागं काही पावलं. अंगात पांढरा कोट तसाच, काढायचं भान राहिलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "गोटे, सावलीनं चल."

गोटी सावलीला सरकली. ऐकलं तिनं. नेहमीसारखंच ऐकलं.

नंतर बारकी बंबवाल्यांच्या कचेरीत गेली. मी नको म्हणत होते. साहेबांना म्हणाली, "चूक माझी आहे, हिची नाही. मला काय करायचं ते करा, पण हिची तारीख पुढं ढकला." साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "बाई, तारीख माझ्या हातात असती तर तुम्ही यायच्या आधीच ढकलली असती."

पुढच्या फेरीला दवाखान्यातून निरोप आला. पहिलं नाव गोटीचं. गोटी म्हणाली, "आता कशाला?" गेलीच नाही. तो जाड चष्मा आहे तो आहेच अजून, बघतोस ना तू.

त्या साहेबांनीच तिला फोनवर घेतलं. आग लागली की लोक फोन करतात ना, तो उचलायचा. तिथं चष्मा चालतो. फोनची खोली वरच्या मजल्यावर, खाली बंब उभे. हिनं घंटा दाबली की खालची माणसं धावतात, बूट घालतात, बंब निघतात. ही खिडकीतून बघते आणि परत फोनला बसते. फार चांगलं काम करते म्हणतात. कुणी फोनवर किंचाळत असलं तर हिच्या आवाजानं शांत होतं. "आधी बाहेर पडा, दार ओढून घ्या, मी आहे लाइनवर." असं सांगते. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा ऐकलं. खालून बंब गेला, आणि ही कानाला फोन लावून डोळे मिटून बसलेली. मी तशीच जिन्यावरनं परत आले, डबा दारातल्या माणसाकडे दिला.

आणि बारकी? तिनं दुसऱ्याच आठवड्यात नर्सबाईंना सांगितलं, मला परत फरशीवर घ्या. नर्सबाई म्हणाल्या, "वेडी का काय तू? चूक कुणाची होत नाही? एवढ्या वर्षांत एक झाली."

ती म्हणाली, "एकच झाली. पण तीच व्हायला नको होती."

टेबल सोडलं. तिच्या जागी नवीन मुलगी आली, घाईची. रांगेतले म्हातारे विचारायचे, आमची थेंबमावशी कुठं गेली? आणि ही त्यांच्याच पायांखालची फरशी पुसत असायची, मान वर न करता. त्यांच्या डोळ्यांत थेंब, त्यांना थोडीच दिसणार? पुढं पुढं तर ती बोलायचीच बंद झाली.

माझ्यापाशी एकदाच बोलली. भांडी घासत होतो दोघी. म्हणाली, "ताई, तिनं एकदा भांडावं गं माझ्याशी. एकदाच ओरडावं. ताट फेकावं. ती मला विचारते, आई, जेवलीस का? कशी जेवू मी?"

मग मी गोटीला गाठलं. म्हटलं, "आईवर रागावली आहेस का तू?"

"रागावू कशाला, मावशी? तिनं मुद्दाम केलं का?"

"मग जरा नीट बोल की तिच्याशी."

"बोलते की. रोज बोलते." चष्मा काढून पुसायला लागली. म्हणाली, "मी विचारलं होतं तिला, मावशी. मी विचारलं होतं."

मी तिथंच होते, मला सगळं ऐकू आलं होतं.

आता हे शेवटचं, मग तुला सोडते. मागच्या थंडीत गोटीचे डोळे आले. लाल भडक, चिकट. कामावरनं घरी बसवलं तिला. औषधाचे थेंब दिले होते, दिवसातून कितीतरी वेळा टाकायचे. मी त्यांच्याकडेच होते तेव्हा. बारकी उठली, हात साबणानं धुतले, कोपरापर्यंत धुतले, टॉवेलला पुसले आणि बाटली घेऊन पलंगापाशी आली. तिच्या अंगात एकदम जुनं काहीतरी आल्यासारखं वाटलं मला. म्हणाली, "डोकं मागं कर."

गोटीनं हात पुढं केला. रागानं नाही रे. अगदी हळू, आजारी माणसाच्या हातातलं काही काढून घ्यावं तसं. बाटली घेतली आणि म्हणाली, "राहू दे आई. मी टाकते."

मान मागं केली. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा पापणीवर. बारकी समोर उभी, दोन्ही हात पाठीमागं धरून. न राहवून म्हणाली, "खालची पापणी जरा..."

"जमेल मला."

तिसराही गालावरच. थेंब ओघळून उशीवर पडत होते, आणि बारकी बघत उभी होती. मी वाळलेले कपडे काढायचं निमित्त करून बाहेर गेले. दोरीवर कपडे नव्हतेच. आत आले तेव्हा बाटली निम्मी झाली होती, आणि बारकी अजून तशीच उभी होती.